नऊशे पिशव्यांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारातले दुकान म्हटले की वह्या, पेन, प्रयोगवही आणि संस्थेचे बोधचिन्ह छापलेले टी-शर्ट एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण या दुकानाचे एक वेगळेपण आहे. बाजारपेठेतल्या दुकानदाराला आपण विकलेल्या मालाचे पुढे काय झाले हे कधीच दिसत नाही. इथे मात्र गिऱ्हाईक एकाच आठवड्यात दाखल होते, एकाच आठवड्यात खोल्या रिकाम्या करते, आणि वर्षाच्या आरंभी विकलेली वस्तू वर्षाअखेरीस त्याच आवारातल्या कचऱ्याच्या ढिगात दुकानदाराला पुन्हा भेटते. माझी अशी भेट झाली आहे, आणि आजचे बोलणे बहुतेक तिच्याविषयीच आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दुकानाच्या सल्लागार समितीवर मी होतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद करायच्या, असे आम्ही एकमताने ठरवले आणि त्याच उत्साहाच्या भरात नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या खरेदीबरोबर जाड सुती कापडाची पिशवी फुकट द्यायचे ठरवले. नऊशे पिशव्या आल्या. एका बाजूला बोधचिन्ह, दुसऱ्या बाजूला हिरव्या अक्षरांत पर्यावरणाचा संदेश आणि त्याखाली ठसठशीत वर्ष. (वर्ष छापण्याची ही हौस मला कधीच कळलेली नाही, दुधाच्या पिशवीला मुदत असते हे ठीक, पण कापडाला आपण होऊन मुदत का लावायची?) समारंभ झाला, छायाचित्रे निघाली, समितीचे अभिनंदनही झाले.

वर्ष संपले. वसतिगृहे रिकामी होत असताना दुकान सांभाळणाऱ्या ताईंनी मला निरोप धाडला आणि काही न बोलता इमारतीच्या मागच्या बाजूला नेले. तिथे मोडक्या बादल्या, एकटे राहिलेले बूट आणि अर्ध्या कोऱ्या वह्या यांच्या ढिगात आमच्या पिशव्या होत्या. ताईंनी एक ओढून काढली. तिची घडी गठ्ठ्यातून निघाली तेव्हा होती तशीच होती. छपाईच्या शाईचा वासही गेला नव्हता. आम्ही दोघे मोजायला लागलो आणि दोनशेच्या पुढे मोजणे सोडून दिले. ताई एवढेच म्हणाल्या, ‘‘सर, प्लॅस्टिकची होती तेव्हा निदान तिच्यात कचरा तरी भरायचे. ही कोरीच टाकलीय.’’

ते वाक्य मला फार लागले. पुढे डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला पिशव्यांचा अभ्यास वाचनात आला, तेव्हा ताईंनी एका वाक्यात सांगितलेली गोष्ट तिथे आकड्यांत मांडलेली दिसली. साध्या सुती पिशवीने प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी करायची, तर केवळ हवामानावरील परिणामापुरती ती किमान ५२ वेळा वापरली गेली पाहिजे. पाणी, रसायने, ओझोनचा थर असे सगळेच परिणाम जमेस धरले तर हा आकडा ७,१०० पर्यंत जातो. पुन्हा सांगतो, केवळ हवामानापुरते ५२ वेळा. इतस्ततः फेकल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकचा उपद्रव या हिशेबात धरलेला नाही, त्यामुळे प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणाव्यात असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु एकदाही न वापरलेली कापडी पिशवी ही पर्यावरणाची सेवा नव्हे, एवढे त्यावरून निश्चित होते.

ताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी पिशवी उलटी केली, शिवणीतून बोट फिरवले आणि विचारले, ‘‘ही शिवली कोणी?’’ आतमध्ये बनवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी नव्हती. पुरवठादाराला विचारले, तर त्याने मध्यस्थाचे नाव सांगितले. मध्यस्थाला विचारले, तर तो म्हणाला की माल तीन-चार ठिकाणांहून गोळा होतो. आमच्या समितीच्या बैठकांत कापडाच्या रंगावर तासभर चर्चा झाली होती, शिवणाऱ्या हातांवर एक मिनिटही नाही.

हा प्रश्न वरवरचा नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा तिथे कोणासाठी कपडे शिवले जात होते हे कळण्यासाठी ढिगाऱ्यातून कपड्यांच्या चिठ्ठ्या शोधाव्या लागल्या. उलट, हा प्रश्न वेळीच विचारला तर काय घडते, याचेही उदाहरण आहे. मध्य अमेरिकेतील होंडुरास या देशात एका कंपनीच्या कारखान्यात कामगारांनी संघटना केल्यानंतर तो २००९ मध्ये बंद करण्यात आला. तेव्हा अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून शंभराच्या आसपास विद्यापीठांनी त्या कंपनीला आपल्या नावाचे कपडे बनवण्याची दिलेली परवानगी थांबवली, आणि वर्ष संपण्यापूर्वीच कंपनीला नवा कारखाना सुरू करून त्या कामगारांना पुन्हा कामावर घेण्याचे मान्य करावे लागले. आवारातल्या दुकानाची खरी ताकद अशी मागणीपत्रात असते. काय विकायचे यापेक्षा काय मागवायचे, तिथेच सगळे ठरते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या आपणांस ठाऊकच आहेत. पेनपेक्षा रिफिल दर्शनी भागात ठेवावी. जुनी क्रमिक पुस्तके परत घेऊन पुन्हा विकावीत. कागदावर एफएससीची, म्हणजे जबाबदारीने राखलेल्या जंगलाची, खूण असेल तर ती पाहावीच, पण पुनर्वापरातील कागद मिळत असेल तर तो आधी घ्यावा. आणि यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती रद्दीत टाकू नये. त्या कागदावर उष्णतेने काळे पडणाऱ्या रसायनांचा थर असतो आणि त्यामुळे चांगली रद्दी बिघडते. पुन्हा सांगतो, गुळगुळीत पावती रद्दीत नको. मागितल्याशिवाय ती छापूच नये, हे सर्वांत बरे.

आणखी एक, विषयाला जरा सोडून वाटेल, पण माझ्या मते सोडून नाही. दूरदेशीच्या कामगारांची काळजी वाहणाऱ्या दुकानात गल्ल्यामागची व्यक्ती दिवसभर उभी असते. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे कायद्यानेच बंधनकारक केले. एका स्टुलासाठी कायदा करावा लागावा, यातच सगळे आले.

त्या ढिगातल्या पिशव्या ताईंनी धुऊन दाराशी खुंटीला टांगल्या. ज्याला हवी त्याने न्यावी, काम झाले की आणून अडकवावी. काही परत आल्या, काही आल्या नाहीत. पुढच्या वर्षीचे मागणीपत्र माझ्यापुढे सहीसाठी आले, तेव्हा ‘कापडी पिशव्या’ या शब्दांपुढे त्यांनी शून्य लिहिले होते, आणि खालच्या ओळीत, बारीक अक्षरात, ‘स्टूल, दोन नग’. मी सही केली.

नमस्कार.