ओझं भिंतीपर्यंत पोचतं तेव्हा

(दृश्य: रिकामी भिंत. समोर जमिनीवर पुस्तकं, कुंडी, फोटोची चौकट, एक जुना रेडिओ.)

फळी लावायची म्हटलं की आधी रंग आठवतो, लाकूड आठवतं. मी मात्र जमिनीवरून सुरुवात करते. फळीवर जे ठेवायचंय ते सगळं खाली मांडते आणि वजन करते.

कारण माझी पहिली फळी वाकली होती. चार फुटांची, पातळ, दोन्ही टोकांना आधार. वर्षभरात मधोमध इतका बाक आला की वर सरळ पट्टी धरली तर खालून बोट आरपार जायचं. लाकूड चांगलं होतं. मी ओझ्याचा विचारच केला नव्हता.

मीटरभर उभी रचलेली पुस्तकं साधारण 20 ते 35 किलो भरतात. शाळेत जाणारं एक मूल त्या फळीवर कायमचं बसलंय असं समजा. ते ओझं फळीवर येतं, फळीकडून ब्रॅकेटवर, ब्रॅकेटकडून स्क्रूवर, आणि शेवटी भिंतीत उतरतं. या वाटेत एक जागा जरी कच्ची राहिली तरी सगळं खाली येतं.

(दृश्य: प्लायवूडची कड, थर जवळून.)

आधी फळी. पुस्तकांनी भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली तर बाक दुपटीने वाढत नाही, सोळापट वाढतो. जाडीचं गणित आपल्या बाजूने आहे. 12 मिलिमीटरऐवजी 18 मिलिमीटर जाडी घेतली की तोच बाक एक तृतीयांशाहून कमी होतो. प्लायवूडचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात, म्हणून कापताना वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीच्या दिशेने धावतील असं पाहायचं. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला पत्रा, पुस्तकांसाठी मी घेत नाही. ते एका दिवसात वाकत नाही, पण त्याच ओझ्याखाली महिनोन् महिने हळूहळू वाकत राहतं. पुढच्या कडेला चार सेंटीमीटर उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवली तर प्लायवूडची उघडी कडही झाकते आणि फळीला कणखरपणाही येतो.

आता ब्रॅकेट. बहुतेक जण ते अगदी टोकांना लावतात. ते आत घ्या, लांबीच्या साधारण एक पंचमांश आत. 90 सेंटीमीटरच्या फळीत दोन्ही टोकांपासून 20 सेंटीमीटरवर. बाहेर राहिलेल्या टोकांवरचं ओझं मधल्या भागाला वर उचलून धरतं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी 19व्या शतकात लांबीच्या प्रमाण पट्ट्यांसाठी आधाराची जागा गणिताने काढली होती. त्यांचं उत्तरही एक पंचमांशाच्या आसपासच येतं. मोजमापाची पट्टी असो की पुस्तकांची फळी, वाकण्याचा नियम एकच.

(दृश्य: ब्रॅकेट भिंतीला टेकवलेलं. वरच्या स्क्रूवर बोट.)

इथे थोडं थांबू या. फळीवरचं ओझं नुसतं खाली दाबत नाही, ते वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेर ओढतं. ढोबळ हिशोब असा: 20 किलो ओझं, त्याचा मध्य भिंतीपासून 12 सेंटीमीटरवर. ब्रॅकेटचा उभा पाय 24 सेंटीमीटर असेल तर वरच्या स्क्रूवरची ओढ सुमारे 10 किलोची. आता ब्रॅकेट न दिसणारी, आतल्या दांड्यांवर तोललेली फळी घ्या. तिथे उभा पाय म्हणजे फळीची जाडी, समजा चार सेंटीमीटर. ओढ होते 60 किलो! तशी फळी फार सुंदर दिसते, मलाही आवडते. पण तिच्यावर दोन फोटो आणि एक छोटी कुंडी, एवढंच. पुस्तकांसाठी उंच पायाचं ब्रॅकेटच हवं.

(आवाज: ड्रिल सुरू होतं, थांबतं.)

भिंत कशाची आहे ते ड्रिलमधून पडणारी भुकटी सांगते. आधी गिलाव्याची राखाडी धूळ येते. साधारण दीड सेंटीमीटरच्या या थरावर भरवसा ठेवायचा नाही. मग लाल भुकटी आली तर भाजलेली वीट. राखाडी आणि ड्रिल रेटावं लागत असेल तर काँक्रीट. पांढरी, मऊ भुकटी आली आणि बिट एकदम आत गेलं तर जिप्सम बोर्ड. तिथे मागचा उभा सांगाडा शोधून स्क्रू त्यातच बसवायचा, मग एक पंचमांशाचा हिशोब थोडा बाजूला ठेवावा लागला तरी चालेल. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, तारा तिथूनच गेलेल्या असतात.

पूर्वी छिन्नीने खड्डा खणून त्यात लाकडाची खुंटी ठोकायची, मग स्क्रू. जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी 1911च्या सुमारास तागाच्या धाग्यांची नळी काढली, आणि 'रावल प्लग' हा शब्द त्यांच्याच आडनावावरून आला. 1958मध्ये जर्मनीत आर्टुर फिशर यांनी नायलॉनचा प्लग तयार केला. स्क्रू आत गेला की प्लग फुगतो आणि भोकाच्या बाजूंना घट्ट धरतो. म्हणूनच भोकातली धूळ काढल्याशिवाय प्लग बसवायचा नाही. धुळीवर पकड येत नाही.

पाणसळ लावून फळी समतल करा. जमिनीवरून किंवा छतापासून माप घेऊ नका, ती दोन्ही सहसा किंचित तिरकी असतात. पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने फिरवा, आणि पॉलिशचा हात दोन्ही बाजूंना द्या. एकच बाजू रंगवली तर दमट हवेत दुसरी फुगते आणि फळी पिळवटते.

(दृश्य: हात पुस्तकं लावतायत.)

आता मांडणी. जड पुस्तकं ब्रॅकेटच्या वर, भिंतीला टेकून. मधे हलक्या वस्तू. थोडी जागा रिकामी ठेवा. दर महिन्याला एखादं पुस्तक येतंच, त्याला बसायला जागा हवी. मध्ययुगीन युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीने बांधलेली असत. साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला जोडलेली, त्यामुळे कणा आत आणि पानांची कड बाहेर. इंग्लंडमधल्या हेरेफर्ड कॅथेड्रलमध्ये ती मांडणी आजही पाहता येते. अलीकडे रंग जुळावेत म्हणून कुणी पुस्तकं तशी उलटी लावतात. मला ते पटत नाही. नाव दिसलं नाही तर हात त्या पुस्तकाकडे जाणार कसा? शेवटी पुस्तकांवर थेट ऊन येत नाही ना, ते पाहा. कण्यांचे रंग उडतात.

(दृश्य: फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेला दोरा.)

ही फळी लावून वर्ष झालं. पुस्तकं तीच, जुन्या फळीवरची. दोरा ताणून धरलाय. मधोमध तो फळीला टेकलाय. खाली नखही शिरत नाही.