टोस्टरमधली वीस मिनिटे

परतीचा पाऊस वाशिम जिल्ह्यातल्या काढणीला आलेल्या सोयाबीनवर पडला, की त्याचा हिशेब आधी बाजार समितीत ओलावामापकावर होतो आणि नंतर इथे, सॉल्व्हंट कारखान्याच्या टोस्टरमध्ये. हेक्झेन या द्रावकाने (सॉल्व्हंटने) तेल काढून घेतल्यावर उरलेला भिजका चुरा या उंच पात्रात वरून पडतो, एकेका कप्प्यातून खाली सरकतो आणि वाफेच्या उष्णतेने त्यातले हेक्झेन उडून जाते. हेक्झेन सुमारे ६९ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे ते घालवणे तुलनेने सोपे. खरी कसोटी लागते ती पेंड नेमकी भाजण्यात. कमी भाजली तर प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारा ट्रिप्सिन-रोधक शिल्लक राहून कोंबड्यांची वाढ खुंटते, आणि जास्त भाजली तर लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल खराब होते.

वाफेचा व्हॉल्व्ह आत्ता फिरवला, तर त्याचा पूर्ण परिणाम खालून पडणाऱ्या पेंडीत दिसायला वीसेक मिनिटे जातात. मोटार सुरू करून शेवटच्या सरीत पाणी पोहोचेपर्यंत धुऱ्यावर थांबावे लागते, तसेच हे. नेहमीचा पीआयडी नियंत्रक, म्हणजे तापमान ठरलेल्या आकड्यापासून ढळले की व्हॉल्व्ह कमी-जास्त करणारे यंत्र, चूक दिसल्यावरच हालतो. ओल्या मालासाठी त्याने वाढवलेली वाफ बऱ्याचदा मागून आलेल्या कोरड्या मालाच्या वाट्याला येते.

१९७० च्या दशकात शेल कंपनीत चार्ल्स कटलर यांनी आणि फ्रान्समध्ये जाक रिशाले यांनी यावर प्रारूपाधारित भाकीत नियंत्रणाची पद्धत विकसित केली. संगणकात संयंत्राचे गणिती प्रारूप असते. त्याच्या आधारे तो पुढच्या काही काळाचा अंदाज बांधतो, बॉयलरची क्षमता आणि तापमानाच्या मर्यादा सांभाळून व्हॉल्व्हच्या हालचाली ठरवतो, मात्र त्यांतली पहिलीच अमलात आणतो आणि नवे मोजमाप हाती येताच सगळे गणित पुन्हा मांडतो.

जुना ऑपरेटरही ट्रक रिकामा होत असतानाच दाणा दाताखाली फोडून पाहतो आणि वाफेचा अंदाज आधीच बांधतो. संगणकाला दात नाहीत. त्याला आत येणाऱ्या मालाचा ओलावा सतत मोजून द्यावा लागतो. म्हणून लहान कारखान्याने या नियंत्रण प्रणालीच्या आधी भरवशाचा ओलावामापक आणि मध्येच न अडकणारा व्हॉल्व्ह घ्यावा, असे आम्हाला वाटते.

प्रयोगशाळेत बशीत पसरलेल्या पेंडीवर युरिया आणि फिनॉल रेडचे द्रावण ओतले जाते. लाल ठिपके दाट उमटले तर भाजणी कमी पडली. एकही उमटला नाही, तर जास्त झाल्याची शंका घेतात. आजच्या बशीत ते तुरळक आहेत, आणि फाटकाबाहेर पुढचा ट्रक उभा आहे.