एकट्या मादीची पिल्लं

श्रोतेहो, नमस्कार.

वर्षानुवर्षं एकटी किंवा फक्त माद्यांसोबत ठेवलेली सापाची मादी अचानक पिल्लं देते, तेव्हा तिला सांभाळणाऱ्याचा आधी विश्वासच बसत नाही. मग तर्क सुरू होतात. कुणाला तो चमत्कार वाटतो, कुणी ‘नराशिवाय जन्म झाला’ असं जाहीर करून मोकळं होतं. या घाईबद्दल मला आज बोलायचं आहे. अशा जन्मामागे निरनिराळी कारणं असतात, आणि त्यांची गल्लत झाली की पुढच्या कित्येक पिढ्यांची वंशावळ चुकते.

सगळ्यात साधी शक्यता अशी, की सोबत ठेवलेली दुसरी ‘मादी’ मुळात नरच असते. नराची दोन्ही जननेंद्रियं शेपटीच्या मुळाशी आत दडलेली असतात, त्यामुळे अनुभवी माणूसही फसतो. बोस्टनच्या न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियममध्ये २०१९ साली हिरव्या अ‍ॅनाकोंडाच्या मादीला पिल्लं झाली, तेव्हा तिथल्या लोकांनी तिच्या सोबतच्या सापांचं लिंग पुन्हा तपासून पाहिलं. सगळ्या माद्याच निघाल्या. तपासाची सुरुवात अशीच व्हायला हवी.

दुसरं कारण म्हणजे साठवलेले शुक्राणू. थंड प्रदेशातले बरेच विषारी साप हिवाळ्यापूर्वी मीलन करतात, पण मादीची अंडपेशी सुटते ती वसंतात. मधले महिने शुक्राणू मादीच्या अंडवाहिनीत जिवंत राहतात. तिथल्या भिंतीच्या घड्यांमध्ये आणि सूक्ष्म नळ्यांमध्ये त्यांना जागा मिळते. काही महिन्यांची ही सोय कधीकधी वर्षांवर जाते. फ्लोरिडात पकडलेली डायमंडबॅक रॅटलस्नेकची एक मादी किमान ५ वर्षं नरापासून दूर होती. तरीही तिनं १९ निरोगी पिल्लांना जन्म दिला. पिल्लांमध्ये नर आणि माद्या दोन्ही होते, आणि त्यांच्या डीएनएत आईकडे नसलेल्या खुणा सापडल्या. म्हणजे बाप होता, फक्त त्याची भेट कित्येक वर्षांपूर्वी झालेली होती. २०११ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं.

आता तिसरं कारण, अनिषेकजनन, म्हणजे नराच्या शुक्राणूशिवाय होणारा जन्म. अमेरिकेतल्या लुइव्हिल प्राणिसंग्रहालयात थेल्मा नावाची जाळीदार अजगराची मादी होती. तिथं आल्यापासून तिनं नर पाहिलेला नव्हता. २०१२ साली तिनं ६१ अंडी घातली आणि त्यांतून ६ पिल्लं जन्मली, सहाही माद्या. आधी सगळ्यांना वाटलं, जुने शुक्राणू असतील. डीएनए तपासला तर बापाची एकही खूण नाही! अंडपेशी तयार होताना एक छोटी जुळी पेशी बाजूला टाकली जाते. अनिषेकजननात तीच पुन्हा अंडपेशीत मिसळते आणि शुक्राणूची उणीव भरून निघते. आईचीच जनुकं दुप्पट झाल्यानं दडलेले दोष उघडे पडतात. म्हणून अशा वेळी बरीच अंडी वाया जातात, काही पिल्लं मेलेली किंवा व्यंग घेऊन येतात.

इथं पिल्लांचं लिंग फार बोलकं ठरतं. रॅटलस्नेक, कॉपरहेड, गार्टर अशा सापांत मादीची दोन लिंगगुणसूत्रं वेगवेगळी असतात, आणि बापाविना जन्मलेली पिल्लं नर निघतात. अजगर आणि बोआमध्ये मादीची दोन्ही सारखी, त्यामुळे तिथं लेकीच लेकी. नर-मादी मिसळून आले तर संशय जुन्या शुक्राणूंकडे वळवावा. पण पिल्लं मोजकी असली तर सगळी एकाच लिंगाची असणं हा योगायोगही असू शकतो. अखेरचा निकाल डीएनएचाच.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती साप पैदास करणाऱ्यांची. मोठी झालेली मादी विकत घेतली, तिला आपला पांढरा, म्हणजे अल्बिनो नर दिला, आणि पिल्लं झाली की सगळी त्याचीच असं लिहून टाकलं. पण त्यातली काही तिच्या आधीच्या नराची असू शकतात. एका वेतात दोन बाप असणं सापांमध्ये नवलाचं नाही. मग अल्बिनोचं दडलेलं जनुक आहे म्हणून दिलेल्या पिल्लात ते नसतंच, आणि घेणारा दोन-तीन वर्षं त्याला वाढवून, जोडी लावून, पांढऱ्या पिल्लाची वाट पाहत बसतो. दुर्मीळ जातींच्या संवर्धनात तर ही चूक फार महाग पडते, कारण तिथं जोड्या नात्याचा हिशेब पाहूनच लावल्या जातात.

म्हणून एकट्या मादीनं अंडी घातली तर ती निकामी समजून फेकू नका. अंधारात मागून उजेड धरून पाहा. आत लालसर शिरांचं जाळं दिसलं तर अंडं जिवंत आहे. ते उलटंपालटं मात्र करू नका. गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटलेला असतो, फिरवलं तर मरू शकतो. पेन्सिलीनं वर खूण करा आणि त्याच स्थितीत उबवायला ठेवा. मादीच्या नोंदीत तिच्याजवळ आलेला प्रत्येक नर तारखेसह लिहा, ती तुमच्याकडे येण्याआधीचा काळ ठाऊक नसेल तर तसंही लिहा. आईची आणि पिल्लांची कात टाकून देऊ नका. नीट वाळवून, नाव घालून वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा, कातीतून डीएनए मिळतो. मेलेली पिल्लं गोठवून ठेवा, तपासणीला जिवंत पिल्लांइतकीच तीही उपयोगी पडतात.