गिळणाऱ्या सापाला गिळू द्या

मंडळी, साप मोठं भक्ष्य गिळतो कसा, हा आजचा विषय. तिकडे येतोच. पण दोडामार्गाकडच्या त्या काजूबागेबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

अजगराने घोरपड धरली होती. मी पोचलो तेव्हा डोकं, पुढचे पाय, खांदे आत गेलेले. म्हणजे सगळ्यात अवघड भाग पार झालेला. आणि भोवती अर्धी वाडी! एक जण काठीने ढोसतोय, दुसरा बादलीने पाणी ओततोय, मोबाइल सगळ्यांच्याच हातात. एक आजी कळवळून म्हणत होत्या, "अरे, सोडवा रे तेका!" त्यांची माया मला कळते. पण घोरपड केव्हाच मेली होती. अजगराच्या विळख्यात भक्ष्याचा रक्तप्रवाहच थांबतो; गिळणं सुरू होतं ते त्यानंतर. शेवटी अजगराने ती बाहेर टाकली आणि करवंदीच्या जाळीत शिरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! कशासाठी? घोरपड वाचली नाही आणि अजगर उपाशी गेला. तोंड भरलेलं असताना सापाला धड पळता येत नाही, चावता येत नाही. घास टाकणं एवढाच बचाव उरतो. दोन्ही प्राणी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, हे तिथल्या शिकलेल्यांनाही ठाऊक नव्हतं.

इथे किती जणांनी परसात घोरपड पाहिलीय? बघा, जवळजवळ सगळेच हात वर. आणि अजगर? आता हात वर करण्याआधी सगळे खुर्चीखाली बघतायत! (हशा)

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. तर मुद्दा. साप जबडा निखळवून गिळतो असं लोक म्हणतात, पण सापाचा जबडा निखळत नाही. खालच्या जबड्याच्या दोन बाजू हनुवटीशी हाडाने सांधलेल्या नसतात, लवचीक बंधाने जोडलेल्या असतात. वरची दातांची हाडं डावी-उजवी अशी आळीपाळीने पुढे सरकतात. लेंग्यात नाडी ओवताना नेफा चुणत चुणत नाडीवर चढतो ना, तसा साप भक्ष्यावर चढत जातो. श्वासनलिकेचं तोंड पुढे काढून श्वासही चालू ठेवतो.

त्याची खरी अडचण भक्ष्याच्या जाडीची. लांबीची तेवढी नाही. घोरपडीचे खांदे अडतात, धामणीला खांदेच नाहीत. म्हणून नागराज, म्हणजे किंग कोब्रा, लांबलचक धामण सहज गिळतो. गिळलेला साप पोटात नागमोडी दुमडतो. अमेरिकेतल्या किंगस्नेक नावाच्या वेगळ्या सापांनी स्वतःपेक्षा लांब साप असे मावून घेतल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालंय. आणि आपल्या सह्याद्रीतला नागराज २०२४ मध्ये स्वतंत्र जाती ठरला, ऑफिओफेगस कालिंगा. यावर तासभर बोलता आलं असतं.

पचनाचं एकच सांगतो. मोठ्या जेवणानंतर ब्रह्मी अजगराचं हृदय दोन दिवसांत चाळीस टक्क्यांनी वाढलेलं आढळलंय. एवढी यंत्रणा कामाला लागते, म्हणून फुगलेला अजगर बागेत काही दिवस पडून राहतो. कुत्रा बांधा, पोरांना लांब ठेवा, वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. काठी आणि बादली घरातच राहू दे.