व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर छाती धडधडते? ऑक्सिमीटर बाजूला ठेवा, बोटं मनगटावर ठेवा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत मी छातीच्या हाडाबद्दल बोलले, खोकताना उशी कशी कवटाळायची ते दाखवलं, आणि खाली कमेंटमध्ये निम्म्या लोकांनी भलतंच विचारलंय. "ताई, व्हॉल्व्ह बदलून घरी आलो, पण रात्री आडवा झालो की धाडधाड सुरू होते." "ताई, आई म्हणते उशीतून ठोके ऐकू येतात." म्हटलं, आज हेच घेऊ.

मी परळला हार्टच्या पेशंटना ऑपरेशननंतर चालवते, जिने चढवते. फिजिओथेरपिस्ट आहे. गोळ्या कमीजास्त करणं माझं काम नाही, आणि हा व्हिडिओ बघून तुम्हीही ते करायचं नाही.

व्हॉल्व्ह म्हणजे हृदयातल्या झडपा, त्या चार असतात, त्यातला बहुतेक वेळा माइट्रल नाहीतर एओर्टिक बदलतात, मेटलचा किंवा टिश्यूचा बसवतात. हे तुमच्या सर्जननी कागदावर चित्र काढून सांगितलंच असणार. पुढे.

धडधड का जाणवते? बऱ्याचदा कारण साधं असतं. ऑपरेशनमध्ये रक्त गेलेलं असतं, हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, मग हृदय जास्त वेगाने पळतं. पहिले काही आठवडे बसल्याजागी नाडी नव्वदीत असणं आम्हाला नवीन नाही. त्यात लघवी वाढवणारी पाण्याची गोळी चालू असेल तर लघवीवाटे पोटॅशियम जातं, त्यानेही ठोके बिघडतात. डाव्या कुशीवर झोपलात तर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं, म्हणून जास्त जाणवतं. आणि रात्री पंखा सोडला तर घरात दुसरा आवाज नसतो. दिवसाही ठोके तेवढेच पडत असतात हो, पण तेव्हा खाली भाजीवाला ओरडत असतो.

काहींना "ठोका चुकला, मग एक दाणकन बसला" असं होतं. मध्येच एक ठोका वेळेआधी पडतो, त्यानंतर हृदय जरा थांबतं, तेवढ्यात त्यात जास्त रक्त भरतं, आणि पुढचा ठोका जोरात बसतो. अधूनमधून एखादा असा आला तर घाबरू नका, पुढच्या भेटीत सांगा. सारखेच यायला लागले तर भेटीची वाट बघू नका.

मेटलचा व्हॉल्व्ह असेल तर टिकटिक वेगळी, ती तर येणारच. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेला आपला चित्रा व्हॉल्व्ह 1990 साली पहिल्यांदा पेशंटला बसवला, त्यातही एक तबकडी उघडझाप करते, मग वाजणार नाही तर काय. लालबागच्या एका काकूंनी मला विचारलं होतं, "ह्यांचं घड्याळ रात्रीचं बंद नाही का करता येणार?" काकू, ते वाजतंय तेच बरं आहे. उलट रोजची टिकटिक अचानक दबकी झाली किंवा ऐकूच येईना, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं, कारण व्हॉल्व्हवर गुठळी धरलेली असू शकते.

आता मुद्द्याचं. धडधड झाली की लोक काय करतात? ऑक्सिमीटर. कोविडमध्ये घेतलेला, प्रत्येक घरात एक आहेच. बोटात अडकवायचा, नाडीच्या जागी 88 दिसलं की "नॉर्मल आहे" म्हणून झोपायचं. मला आकडा नकोय हो! मला ठेका पाहिजे. ठोके एकसारख्या अंतराने पडतायत की वेडेवाकडे, हे आधी सांगा.

कारण व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना एट्रियल फिब्रिलेशन होतं, फाइलवर एएफ लिहितात ते. बायपासपेक्षा व्हॉल्व्हवाल्यांमध्ये जास्त. बहुतेकांना पहिल्या आठवड्यात, वॉर्डातच होतं, पण काहींना घरी गेल्यावर. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त तिथे साचतं, गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर लकवा. म्हणून घाई.

ठेका बघायचा कसा? (मनगट कॅमेऱ्याजवळ) तळवा वर. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या या बाजूला, दुसऱ्या हाताची दोन बोटं. हलकीच. अंगठा ठेवायचा नाही, त्याची स्वतःची नाडी असते, तीच मोजत बसाल. मानेवर दाबायचं नाही. आधी पाच मिनिटं शांत बसा, मग पूर्ण एक मिनिट मोजा.

पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारे कमेंटमध्ये येणारच, "ताई आम्हाला असंच शिकवलंय." नियमित नाडीला चालतं ते. एएफमध्ये पंधरा सेकंदांत पळती नाडी मिळेल, पुढच्या पंधरात रेंगाळणारी. कशाला गुणणार?

आणि मोजताना दुसऱ्या माणसाने बोटाने टेबलावर ठोका द्यायचा. प्रत्येक नाडीला एक टक. मी नातेवाइकांना हेच करायला लावते. भांडुपच्या एका मुलाला फोनवर म्हटलं, बाबांची नाडी धर आणि डब्याच्या झाकणावर वाजवून दाखव. टक, टक-टक, थांबला, टक-टक-टक, परत थांबला. पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडतात तसं, कशाचा कशाला मेळ नाही. ऑक्सिमीटर नाडी सांगत होता 94. ईसीजी काढला तर 140.

कसं काय? एएफमध्ये काही ठोके इतके घाईत पडतात की हृदयात रक्तच भरलेलं नसतं. असा ठोका पडतो, पण त्याची लाट बोटापर्यंत पोचत नाही. ऑक्सिमीटर बोटात बसलाय, त्याच्यापर्यंत आलंच नाही ते तो मोजणार कसं? मनगटावरही ते ठोके सुटतातच, पण मनगटाला ठेका कळतो. म्हणून घसा कोरडा करून सांगतेय, आकडा नंतर, ठेका आधी. आणि "माझं घड्याळ वीस हजाराचं आहे" वाले, तुमचं घड्याळ ईसीजी काढत असेल तर काढा, डॉक्टरांना पाठवा. नुसता आकडा दाखवू नका.

एक अपवाद. रुमॅटिक तापामुळे माइट्रल खराब झालेल्यांना अनेकदा ऑपरेशनच्या आधीपासूनच एएफ असतं. डिस्चार्जचा कागद बघा. तिथे लिहिलं असेल तर वेडावाकडा ठेका तुमच्यासाठी नवीन नाही, मग वेग वाढलाय का ते बघायचं.

थांबायचं नाही असं केव्हा? डोळ्यांपुढे अंधारी, चक्कर येऊन पडणं, बसल्याजागी धाप, छातीत दुखणं, ठोके 120 च्या वर जाऊन उतरतच नाहीत, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ जड होणं, हातातली ताकद जाणं. 108 ला फोन. रिक्षा शोधत बसू नका. आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, व्हॉल्व्हला इन्फेक्शन ही मोठी गोष्ट आहे.

गोळ्यांचं थोडं. मेटोप्रोलॉलसारखी ठोके आवरणारी गोळी "बीपी लो आलं" म्हणून परस्पर बंद करतात, आणि दोन दिवसांनी मलाच विचारतात धडधड का. अचानक बंद केल्यावर ठोके उसळी मारतात! बीपी लो आलं तर फोन करा, गोळी डस्टबिनमध्ये टाकू नका. रक्त पातळ करायची गोळी, अ‍ॅसिट्रॉम असो की वॉरफॅरिन, तिचंही तेच. आणि अर्जुनाची साल उकळून प्या असं दर व्हिडिओखाली लिहिणाऱ्या दादांना हात जोडून विनंती, या गोळ्यांवर असलेल्या माणसाचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे तो आकडा, कुठल्याही काढ्याने वरखाली होऊ शकतो, नका लिहू. मेथी-पालकानेही तो हलतो, म्हणून ती बंद करायची नाही, पण आठवडाभर शून्य आणि रविवारी परातभर असंही नको.

शेवटचं, कारण हे कुणी सांगत नाही. धडधड चालू असतानाच ईसीजी निघाला पाहिजे. तब्येत बरी असेल, वर सांगितलेलं काहीच नसेल, तरी विरारहून परळला येईपर्यंत ती थांबते, आणि मग आमच्याकडे ईसीजीची पट्टी नॉर्मल येते. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरकडे मशीन असेल तर तिथेच काढा, वेळ लिहून घ्या. तो कागद थर्मल असतो, पावसाळ्यात कपाटात ठेवलात तर पुसट होऊन जातो, म्हणून तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढा आणि मग निघा.