पाऊण वॅटमधला गेम बॉय

पहिला गेम बॉय, म्हणजे निंटेंडो कंपनीचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, मिळाला की आधी तो पालथा करा. मागच्या लेबलवर डीएमजी-०१ हा मॉडेल क्रमांक दिसेल आणि तिथंच छापलेलं असेल: ६ व्होल्ट, ०.७ वॅट. पाऊण वॅटलाही थोडं कमीच. आज मी जे सांगणार आहे ते बरंचसं या आकड्यातून निघतं.

१९८९च्या एप्रिलमध्ये जपानमध्ये हे यंत्र विक्रीला आलं. पडद्याला उजेड नाही, रंग नाहीत, हलणाऱ्या चित्रामागे सावली ओढली जाते, या तक्रारी तेव्हापासूनच्या आहेत आणि त्या खऱ्याही आहेत. पण माझ्या मते हे दोष नव्हेत. या तडजोडी आहेत, समजून-उमजून केलेल्या. यंत्रातले खरे दोष वेगळेच आहेत आणि त्यांची चर्चा फक्त दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये होते. हा फरक कामाचा आहे, कारण दोष दुरुस्त करता येतो. तडजोड दुरुस्त होत नाही, तिच्या जागी फार तर दुसरी तडजोड बसवता येते.

आधी हिशेब करू. ०.७ वॅटला ६ व्होल्टनं भागलं की सुमारे ११७ मिलीअँपिअर प्रवाह येतो. चांगल्या अल्कलाइन डबल-ए सेलची क्षमता दोन हजार मिलीअँपिअर-तासांच्या पुढे असते. चारही सेल एकामागे एक जोडलेले असल्यामुळे व्होल्टेज चौपट होतं, क्षमता मात्र एकाच सेलची धरायची. म्हणजे सतरा-अठरा तास. प्रत्यक्षात साधारण पंधरा तास मिळत, हलक्या गेमवर त्याहून बरेच जास्त. गेमनुसार फरक पडायचं कारणही पाहण्यासारखं आहे. प्रोसेसरला 'हॉल्ट' नावाची आज्ञा आहे. पडद्यावरची पुढची फ्रेम येईपर्यंत करण्यासारखं काही नसेल तर नीट लिहिलेला प्रोग्रॅम या आज्ञेनं प्रोसेसरला झोपवतो. आळशीपणे लिहिलेला प्रोग्रॅम त्या वेळात नुसताच गोल गोल फिरत राहतो आणि सेल खातो.

शेजारी सेगा कंपनीचं अशाच जातीचं यंत्र, १९९०चा गेम गियर, ठेवून बघा. रंगीत पडदा, मागे फ्लोरोसंट नळी, सहा सेल, आणि चालायचा तीन ते पाच तास. पडद्यांचं रेझोल्यूशन दोन्हीकडे सारखंच आहे, १६० गुणिले १४४. गेम बॉयच्या आखणीमागचे गुनपेई योकोई ज्या विचारपद्धतीसाठी ओळखले जातात तिचा भावार्थ मराठीत 'मुरलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार' असा करता येईल. मुरलेलं म्हणजे ज्याच्या सगळ्या खोडी कळून चुकल्या आहेत, जे स्वस्त झालं आहे आणि कुठेही बनवता येतं. ४.१९ मेगाहर्ट्झचा आठ-बिट प्रोसेसर, ८ किलोबाइट कामाची मेमरी, चित्रासाठी आणखी ८ किलोबाइट. १९८९मध्येही हे आकडे कुणाला थक्क करणारे नव्हते.

आता पडदा. इथं थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहेत.

हा एसटीएन जातीचा, परावर्तित उजेडावर चालणारा एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिकाचा पडदा आहे. समोरून आलेला उजेड काचेतून आत जातो, मागच्या परावर्तक थरावर आपटतो आणि पुन्हा त्याच काचेतून बाहेर येतो. वाटेत ध्रुवणाच्या, म्हणजे एका ठरावीक दिशेनं कंप पावणारा उजेडच पुढे सोडणाऱ्या फिल्म लागतात, त्यात बराच उजेड गळतो. म्हणून उन्हात पडदा छान दिसतो आणि खोलीत संध्याकाळी मेल्यासारखा वाटतो. दुसरं म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा ट्रान्झिस्टर नाही. एका वेळी एकच आडवी ओळ निवडली जाते. १४४ ओळींमध्ये वेळ वाटला गेल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम एक-शे-चव्वेचाळिसांश वेळ येतो. एवढ्या वेळात मिळालेल्या धक्क्यावर द्रवस्फटिकानं पुढची पाळी येईपर्यंत आपली स्थिती धरून ठेवायची. तो धरून ठेवू शकतो कारण तो मुळात सुस्त आहे, आणि सुस्त आहे म्हणूनच धावणाऱ्या चित्रामागे सावली राहते. त्याला चपळ केलं असतं तर पडदा फिका पडला असता किंवा लुकलुकला असता. प्रत्येक पिक्सेलला ट्रान्झिस्टर दिला असता तर किंमत आणि उजेडाची गरज दोन्ही वाढली असती.

डाव्या कडेला असलेलं कॉन्ट्रास्टचं चाक नीट वापरणं हा यावरचा फुकटचा उपाय आहे. पुष्कळ जण ते पूर्ण गडद करून ठेवतात. त्यामुळे न पेटलेले पिक्सेलही करडे होतात, सावल्या वाढतात, आणि गडद चित्राच्या वर-खाली पट्टे उमटतात. चाक आधी पूर्ण गडद करा, मग हळूहळू मागे घ्या. मोकळी पार्श्वभूमी स्वच्छ झाली की तिथंच थांबा. हवा थंड-गरम झाली की ही जागा सरकते, कारण द्रवस्फटिकाला लागणारं व्होल्टेज तापमानानुसार बदलतं. कंपनीनं चाक बाहेर दिलं ते याचसाठी, आणि ते अगदी योग्य केलं.

मागून उजेड हवा असेल तर बाजारात बॅकलाइटचे संच मिळतात. काचेच्या मागची परावर्तक फिल्म सोलायची, राहिलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा, मग उजेडाची चकती आणि नवी ध्रुवण फिल्म बसवायची. सोलताना घाई करू नका, काच पातळ आहे आणि कोपरा पटकन टिचतो. गोंद निघता निघत नाही, त्याला तास-दीड तास द्यावा लागतो. पण नुसता उजेड लावला की चित्र धुतल्यासारखं फिकं दिसतं, कारण हा पडदा परावर्तनासाठीच जुळवलेला आहे. म्हणून फिल्म नव्वद अंशांत फिरवून चित्र उलटं करतात, म्हणजे काळ्याचं पांढरं, आणि एका छोट्या लॉजिक चिपनं पडद्याला जाणारे चित्राचे संकेत पुन्हा उलटे करतात. दोनदा उलटवलेलं चित्र सरळ होतं आणि कॉन्ट्रास्ट लक्षणीय सुधारतो. एवढं सगळं करून सेलचं आयुष्य कमी होतं. याला मी सुधारणा म्हणणार नाही, हा अदलाबदलीचा व्यवहार आहे.

आता खरे दोष. पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे पडद्यातून नाहीशा होणाऱ्या उभ्या रेघा.

काचेवरचे अतिसूक्ष्म वाहक आणि सर्किट बोर्ड यांना जोडणारी लवचीक पट्टी उष्णतेनं चिकटवलेली असते. हा सांधा सोल्डरचा नाही, वाहक चिकट थराचा आहे. वर्षानुवर्षं यंत्र तापतं, निवतं, खिशात वाकतं, हातातून पडतं. चिकट थर सुकतो आणि एखादा वाहक सुटतो. उभ्या स्तंभांचे वाहक काचेच्या खालच्या कडेला आहेत, म्हणून तिथला सांधा सुटला की एक अख्खा स्तंभ कोरा राहतो. आडव्या ओळींचे वाहक बाजूच्या कडेला आहेत. ते कमी वेळा सुटतात, पण दुरुस्तीला जास्त त्रास देतात.

दुरुस्ती अशी. आधी सेल काढा. मागच्या बाजूला तीन पात्यांच्या खाचेचे सहा स्क्रू आहेत, त्यातले दोन सेलच्या कप्प्यात. साध्या पेचकसानं जबरदस्ती केली तर खाच कायमची बिघडते, तेव्हा योग्य पेचकस आणा. दोन्ही भाग पुस्तकासारखे उघडा, झटक्यानं ओढू नका, कारण मध्ये एक चपटी केबल आहे आणि ती आखूड आहे. पुढच्या भागातला बोर्ड सोडवून वर आणला की पडद्याच्या खालच्या कडेला रबरी पट्टी आणि तिच्याखाली लवचीक पट्टी दिसेल. चपटी केबल पुन्हा जोडून सेल घाला आणि यंत्र चालू ठेवा. पडदा तुम्हाला दिसत राहायला हवा, त्याशिवाय काम झालं की नाही हे कळणार नाही. सोल्डरिंग आयर्नचं तापमान २०० ते २५० अंश सेल्सिअस ठेवा आणि स्वच्छ टोक पट्टीवर हलक्या हातानं, न थांबता, आडवं फिरवा. चिकट थर मऊ होऊन पुन्हा बसतो आणि रेघ परत येते. एका जागी दोन सेकंदही टेकवू नका, पट्टी जळते, आणि जळलेल्या पट्टीवर काही इलाज नाही. गरम असतानाच खोडरबरासारख्या मऊ वस्तूनं किंचित दाबलं तर सांधा अधिक टिकतो. काचेवर मात्र दाब नको. काही महिन्यांनी रेघ पुन्हा जाऊ शकते, हे मालकाला आधीच सांगून ठेवावं.

दुसरा दोष पॉवरच्या स्विचमध्ये आहे. यंत्राचा सगळा प्रवाह या सरकत्या स्विचमधून जातो. त्याचे संपर्क काळवंडले की रोध वाढतो. समजा पाच ओहम झाला. ११७ मिलीअँपिअरला ०.६ व्होल्ट तिथंच खर्च होतात आणि कोऱ्या सेललाही यंत्र अर्धमेले समजतं. लाल दिवा मंद होतो, स्विचला बोट लागलं की गेम पहिल्यापासून सुरू होतो. सेल काढून स्विचच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा आणि तीस-चाळीस वेळा मागे-पुढे करा. त्यानं भागलं नाही तर स्विच उपसून, उघडून आतले संपर्क घासावे लागतात. 'पॉवर बोर्ड गेला' म्हणून टाकून दिलेल्या यंत्रांत नुसता स्विच मळलेला असणं फार सर्रास आढळतं. पॉवर बोर्ड खरंच जाऊही शकतो. सेलच्या व्होल्टेजपासून तो ५ व्होल्ट बनवतो आणि शिवाय पडद्यासाठी मोठं ऋण व्होल्टेज तयार करतो. आवाज येतो पण कॉन्ट्रास्टचं चाक कितीही फिरवलं तरी पडदा कोराच, असं असेल तर ते ऋण व्होल्टेज मोजा.

स्पीकर मुका आणि इअरफोनमध्ये आवाज, हे लक्षण दिसलं की स्पीकर बदलू नका. इअरफोनच्या खोबणीत एक पातळ पट्टी आहे, पिन घातली की ती स्पीकर तोडते. ती मळली की पिन काढल्यावरही स्पीकर तुटलेलाच राहतो.

गळलेल्या सेलबद्दल थोडक्यात. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड येतं, ते अल्क आहे, म्हणून व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावायचा. साध्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, तिथं खाण्याचा सोडा. नंतर अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळवा. स्प्रिंगवरचा मुलामा गेला असेल तर स्प्रिंगच बदला, घासून चकचकीत केलेली उघडी स्प्रिंग पुन्हा गंजते.

आणि आता ज्या गोष्टी पाहून मन भरून येतं त्या. गेम ज्या डबीत असतो ती कार्ट्रिज. चालू स्थितीत स्विचचा एक दात तिच्या वरच्या कोपऱ्यातल्या खाचेत अडकतो. यंत्र चालू असताना कार्ट्रिज ओढून काढताच येत नाही. एक तुकडा प्लॅस्टिक, ना सूचना ना सेन्सर, आणि मेमरी बिघडण्याचा एक मोठा मार्ग बंद. दिशा देणारं फुलीच्या आकाराचं बटण मध्यबिंदूवर डोलतं, त्यामुळे डावी-उजवी एकदम दाबली जात नाहीत. ही फुली योकोईंनी निंटेंडोच्याच आधीच्या हातातल्या यंत्रावर, १९८२च्या गेम अँड वॉचवरच सिद्ध केली होती.

पण दुरुस्ती करणाऱ्याचा खरा मित्र म्हणजे सुरुवातीला वरून उतरणारं निंटेंडोचं नाव. ते यंत्रातून येत नाही. यंत्र ४८ बाइट्सचं ते चित्र कार्ट्रिजमधून वाचतं, पडद्यावर सरकवतं, 'टिंग' वाजवतं आणि मग आतल्या प्रतीशी ताडून पाहतं. जुळलं नाही तर तिथंच थांबतं. हेतू अर्थातच परवान्याशिवाय गेम काढणाऱ्यांना अडवण्याचा होता, पण निदान फुकट मिळालं. काळा ठोकळा उतरला म्हणजे कार्ट्रिजमधून काहीच वाचलं जात नाही. अक्षरं फाटलेली असतील तर काही पिना मळल्या आहेत. टिंग आली आणि पडदा कोरा, तर प्रोसेसर आणि आवाज ठीक, पडद्याकडे बघा. टिंगही नाही, दिवाही नाही, तर वीज. नाव स्वच्छ आलं म्हणून कार्ट्रिज शंभर टक्के ठीक आहे असं मात्र समजू नका. हे ४८ बाइट्स मेमरीच्या अगदी सुरुवातीला आहेत, त्यामुळे वरच्या ॲड्रेस लाइन्सची, म्हणजे मेमरीतली पुढची जागा निवडणाऱ्या तारांची, खरी परीक्षा होत नाही, आणि गेम पुढे कुठेतरी अडकतो. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ संपर्कांवर बसते. अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पिना पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत.

गेमची प्रगती साठवणाऱ्या पुष्कळ कार्ट्रिजमध्ये एक नाण्यासारखा लिथियम सेल असतो, बहुतेक वेळा सीआर२०२५ किंवा सीआर१६१६. तो संपला की गेम चालतो, साठवण राहत नाही. कार्ट्रिजचा स्क्रू ३.८ मिलीमीटरच्या खास पेचकसानंच उघडतो. नवा सेल आधीच वेल्ड केलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांसह घ्या, उघड्या सेलवर थेट सोल्डर करू नका, तो फुगतो, कधी फुटतोही. जुना सेल उपसला की साठवलेलं सगळं जातं, म्हणून ते ठेवायचं असेल तर कार्ट्रिज वाचणाऱ्या यंत्रानं आधी संगणकावर उतरवून घ्या. आणि यंत्राचे दोन्ही भाग पुन्हा जोडताना स्क्रू प्लॅस्टिकमध्ये सरळ आवळू नका. आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात 'टक्' करून बसला की मग आवळा.