शार्पच्या कोरणीतली जोअ‍ॅना

नमस्कार श्रोतेहो. रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही, तेव्हा आधी ते डोळ्यांपुढे आणू या. साठी ओलांडलेली एक बाई बसली आहे. डोक्याला घरगुती टोपी, चेहरा भरलेला, पुढ्यात उघडं बायबल. मागे तेजोवलय नाही की देवदूत नाहीत. शेजारची एखादी मावशी वाटावी. ही जोअ‍ॅना साउथकॉट. बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातली सूर्यतेज पांघरलेली स्त्री ती आपणच, असं ती सांगे.

जन्म 1750चा, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला. एक्सेटरला घरकाम करायची, खुर्च्या-गाद्यांना कापड चढवायची. 1792 पासून तिला दैवी वाणी ऐकू येऊ लागली आणि 1801 साली तिनं आपली भाकितं छापून काढली. ती वाचून जे लोक एक्सेटरला धावले त्यांत विल्यम शार्प होता, तांब्याच्या पत्र्यावर छपाईसाठी चित्रं कोरणारा लंडनचा नावाजलेला कोरक्या. 1802 साली तिला लंडनला आणण्यात त्याचा हात होता. पुढे हजारो भक्तांना लाखेचा लाल शिक्का मारलेले कागद मिळाले, देवानं निवडल्याची खूण म्हणून.

शार्पचा हा पहिला प्रेषित नव्हे. 1795 साली त्यानं रिचर्ड ब्रदर्सचं चित्र कोरलं, तेव्हा डोक्यावर आकाशातून किरण उतरवले आणि खाली लिहिलं की देवानं नेमलेला पुरुष हाच, अशा पूर्ण विश्वासानं मी हे कोरतो आहे. ब्रदर्सला त्याच वर्षी वेडा ठरवून कोंडलं. 1812 साली शार्पनंच कोरलेल्या, सुरुवातीला सांगितलेल्या जोअ‍ॅनाच्या चित्रात तसले किरण नाहीत. माझ्या मते म्हणूनच ते जास्त पटतं.

आता हे बनतं कसं? घासून आरशासारखा केलेला तांब्याचा पत्रा वाळूनं भरलेल्या चामडी उशीवर ठेवतात. पोलादी कोरणीची लाकडी मूठ तळहातात रुतवून पुढे रेटायची. वळणदार रेघ हवी असेल तर हात फिरवायचा नाही, दुसऱ्या हातानं पत्रा फिरवायचा. दाब वाढवला की रेघ रुंद होते, सोडला की केसासारखी निमुळती. कडेला उठलेली तांब्याची कीस खरवडून काढली नाही, तर तिथे शाई अडकते आणि रेघ धूसर उमटते. चूक झालीच, तर ती जागा खरवडायची, घोटायची आणि पडलेला खड्डा पत्र्याच्या पाठीवरून हातोडीनं ठोकून वर आणायचा. हे सगळं उलटं, बरं का: पत्र्यावरचा डावा हात कागदावर उजवा होतो, अक्षरंही उलटीच कोरावी लागतात.

गालाची गोलाई दाखवायला वाकलेल्या रेघांवर दुसऱ्या तिरक्या रेघा टाकतात. मध्ये शंकरपाळ्यासारखे चौकोन पडतात, आणि प्रत्येकात एक बारीक टिंब. भिंगाखाली हे दिसलं की माणूस थक्क होतो.

छापताना पत्रा कोमट करून जवसाच्या तेलात खललेली काळी शाई रेघांत भरतात. वरची शाई आधी मलमलीनं, मग हाताच्या तळव्यानं पुसतात. जास्त पुसली तर रेघा रिकाम्या होऊन चित्र फिकं येतं. कागद ओलसर हवा: कोरडा रेघांत शिरत नाही, फार ओला शाई धरत नाही. मग रुळांच्या दाबयंत्रातून एकदाच जायचं. दर छपाईला तांबं झिजतं आणि आधी ती बारीक टिंबंच जातात. म्हणून उशिराच्या प्रतीत गाल सपाट, राखाडी दिसतात.

1814 साली, चौसष्टाव्या वर्षी, आपल्या पोटी शायलो नावाचा तारणहार येणार, असं जोअ‍ॅनानं जाहीर केलं. भक्तांनी पाळणा आणला. व्यंगचित्रकार रोलंडसननं तिला बिशपांना बहिष्कृत करताना रंगवलं. अशी चित्रं आम्लानं कोरून झटपट निघत. 27 डिसेंबरला ती वारली. भक्तांनी देह चार दिवस उबदार ठेवला, मग शवविच्छेदन झालं. मूल नव्हतं. शार्प मात्र 1824 साली मरेपर्यंत तिचाच राहिला.

अशी जुनी प्रत हाती आली तर आधी कडा बघा. पत्र्याचा दाबलेला चौकोनी ठसा दिसायला हवा. तो कातरून टाकलेला असला, तर खालची कोरक्याच्या नावाची आणि तारखेची ओळही गेली असण्याचा संभव. ही ओळ शोभेची नव्हे: 1735च्या कायद्यानं पत्र्यावर तारीख आणि मालकाचं नाव असेल तरच नकलेपासून संरक्षण मिळे. मग चित्र तिरक्या उजेडात धरा. खऱ्या प्रतीत शाई कागदावर किंचित उठलेली असते. भिंगातून चित्रभर एकसारखे ठिपके दिसले, तर ती अलीकडची फोटोछपाई. आणि चित्र पुठ्ठ्यावर लावताना चिकटपट्टी वापरू नका. तिचे पिवळे डाग सहजी निघत नाहीत. वरच्या कडेला गव्हाच्या खळीनं जपानी कागदाच्या दोन पट्ट्या पुरतात.